टिरिंगहॅमचं फाटक: एका इंग्लिश इस्टेटीच्या देवडीचा प्रकरण अभ्यास

बकिंगहॅमशरमधलं न्यूपोर्ट पॅग्नेल सोडून नॉर्थहॅम्प्टनच्या दिशेने निघालं की दोन-तीन मैलांवर रस्त्यालगत एक चिरेबंदी कमान लागते. मधोमध उंच दगडी ठोकळा आणि त्यात अर्धगोल कमान. दोन्ही अंगांना बुटके भाग, त्यांत आखूड, जाडजूड खांब, आणि टोकांना एकेक छोटी देवडी. वर सिंह उभा नाही, माथ्यावर पानं कोरलेल्या कोरिंथियन खांबांची रांग नाही, फुलापानांची वेलबुट्टी नाही. भरधाव गाडीतून जाणाऱ्याला ही एखाद्या जुन्या कारखान्याची वेस वाटली तर त्याला दोष देता येणार नाही.

ही टिरिंगहॅम इस्टेटीची वेस. जॉन सोन या वास्तुविशारदाने १७९२ ते १७९७ या काळात इथे मालकाचं घर, ग्रेट ऊझ नदीवरचा पूल, तबेले आणि हे फाटक असा सगळा संच उभा केला. इंग्लंडमध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. त्यांतल्या जेमतेम अडीच टक्क्यांना पहिली श्रेणी मिळते, आणि हे फाटक त्यांत आहे. इमारतींचे इतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर १९६० साली बकिंगहॅमशरवर लिहीत होते तेव्हा त्यांनी या फाटकाचं महत्त्व युरोपच्या पातळीवर मोजलं. ज्याच्या आत एक माळी किंवा एक म्हातारी राहावी अशा दोन खोल्या आणि मध्ये रिकामी कमान, त्याला एवढा मान कशासाठी?

उत्तर दोन बाजूंनी शोधावं लागतं. एक बाजू बग्गीत बसून बाहेरून येणाऱ्याची, दुसरी आतल्या चुलीजवळ बसलेल्या माणसाची. वास्तुकलेची पुस्तकं पहिल्या बाजूवर पानंच्या पानं लिहितात आणि दुसरीवर एखादी ओळ. मला या प्रकरणात दोन्ही बाजू एकाच भिंतीला टेकलेल्या दिसतात, म्हणून ते निवडलं.

फाटक घरापासून लांब का गेलं

देवडी आपल्याला नवी नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत शिरताना पहारेकऱ्यांच्या देवड्या लागतात. खिळे ठोकलेला दरवाजा, त्यातली दिंडी, आतल्या देवड्या आणि वरचा नगारखाना हा सगळा एकच जिन्नस आहे. दरवाजा बंद झाला की वाडा बंद झाला. इंग्लंडमध्येही मध्ययुगात असंच होतं; फाटकाची इमारत घराच्या तटालाच लागून असे. पुढे ट्यूडर काळात लढायांची भीती सरली तरी फाटकं उरली, फक्त ती आता दिमाखासाठी होती. स्टॅफर्डशरमधल्या टिक्सॉलला १५८० च्या सुमाराचं असं तीन मजली फाटक आहे. त्याच्यामागचं घर कधीच गेलं. फाटक एकटंच गवतात उभं आहे.

अठराव्या शतकात बागरचनाकार लॅन्सलॉट ब्राउन आणि त्याच्या पठडीतल्या लोकांनी इस्टेटींचा नकाशा बदलून टाकला. घरासमोरची अंगणं, कुंपणाच्या भिंती, आखीवरेखीव वाफे हे सगळं त्यांनी काढून टाकलं आणि हिरवळ थेट घराच्या जोत्यापर्यंत आणली. गुरं आत येऊ नयेत म्हणून खोल चर खणले. घरातून पाहिलं तर ते दिसतही नाहीत. असं केल्यावर घराला जवळचं फाटकच उरलं नाही. इस्टेटीची हद्द दूर सरकली, तिच्या कडेने झाडांचा पट्टा लागला आणि फाटक त्या पट्ट्यात, हमरस्त्यावर जाऊन बसलं. घरापासून ते इतकं लांब गेलं की तिथे कोणी हाका मारल्या तरी आत ऐकू जाणार नाहीत.

मग तिथे माणूस बसवणं आलं. आणि माणूस बसवला की त्याच्याबरोबर चूल, धुराडं, पाणी, बिछाना आणि बहुतेकदा बायकामुलंही आली. इंग्लिश गेट लॉज म्हणून जो प्रकार आपण ओळखतो तो अशा रीतीने जन्माला आला. पहाऱ्याची गरज त्यामागे फारशी नव्हती. बागेची फॅशन बदलली आणि तिची एक व्यावहारिक अडचण सोडवताना एक नवी इमारत तयार झाली.

त्याच काळात टोल घेऊन बांधलेले पक्के रस्ते देशभर पसरत होते आणि टपालाच्या घोडागाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावू लागल्या होत्या. या गाड्यांतून जाणाऱ्या शेकडो लोकांना मालकाचं आतलं घर कधीच दिसणार नव्हतं. त्यांच्यासाठी फाटक हेच घर. साहजिकच मालक लोक फाटकावर पैसा ओतू लागले. याच बकिंगहॅमशरमधल्या स्टो इस्टेटीत १७६० च्या दशकात सुमारे साठ फूट उंच कोरिंथियन कमान उभी राहिली. तिच्या दोन्ही पायांच्या पोटात चार-चार मजल्यांची राहती घरं कोंबलेली आहेत. लंडनच्या पश्चिमेला सायन हाउससाठी रॉबर्ट ॲडमने १७७० च्या सुमारास एक फाटक केलं. त्यात नाजूक खांबांची जाळी आहे आणि मध्ये कमानीवर मालक पर्सी घराण्याचा सिंह. त्या काळचा लेखक होरेस वॉलपोलने त्याची टर उडवताना लेस आणि भरतकाम हे शब्द वापरले होते. पुढचं सगळं या दोन फाटकांच्या पार्श्वभूमीवर पाहायचं. एका फाटकाने आकाराने दिपवायचं ठरवलं, दुसऱ्याने नक्षीने.

सासुरवाडीची इस्टेट

टिरिंगहॅमचा मालक विल्यम प्रेड जन्माने इथला नव्हता. तो कॉर्नवॉलचा, बँकिंगच्या धंद्यातला, पार्लमेंटचा सदस्य. टिरिंगहॅम त्याच्याकडे बायकोकडून आलं. तिच्या माहेरीही बँकिंगच होतं. आपल्याकडे सासुरवाडीच्या इस्टेटीवर राहणाऱ्या जावयाबद्दल काय बोललं जातं ते वेगळं सांगायला नको. इंग्लंडमध्ये मात्र श्रीमंत वारसदार मुलीशी लग्न करून जमीनदार होणं हा प्रतिष्ठित मार्ग होता. तरीही प्रेडची अडचण समजून घेण्यासारखी आहे. स्टोच्या किंवा सायनच्या मालकांसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची सरदारकी त्याच्यापाशी नव्हती. कमानीवर सिंह चढवला असता तर तो सिंह कुणाचा, असं लोकांनी विचारलं असतं.

प्रेडचं खरं नाव झालं ते कालव्यामुळे. १७९३ साली पार्लमेंटने ग्रँड जंक्शन कालव्याला मंजुरी दिली. ब्रॉन्स्टनपासून ब्रेंटफर्डपर्यंत जाऊन मध्य इंग्लंड थेट लंडनशी जोडणाऱ्या या कालव्याच्या कंपनीचा पहिला अध्यक्ष प्रेड होता. लंडनमध्ये पॅडिंग्टन स्टेशनसमोर जी प्रेड स्ट्रीट आहे ती त्याच्याच नावाची. म्हणजे टिरिंगहॅमला फाटक उभं राहत होतं तेव्हा मालक चर, बोगदे, बंधारे आणि भागधारक यांच्यात बुडालेला होता. अशा माणसाला वेलबुट्टीपेक्षा घडीव दगडाचे नेमके सांधे जास्त पटले असतील, असा माझा अंदाज. सोन आणि प्रेड यांचं जमलं एवढं मात्र नक्की. काही वर्षांनी फ्लीट स्ट्रीटवर प्रेडच्या बँकेची इमारतही सोननेच केली.

गवंड्याचा मुलगा

सोनचा जन्म १७५३ चा, वडील वीटकाम करणारे गवंडी. जॉर्ज डान्स आणि मग हेन्री हॉलंड यांच्या हाताखाली तो शिकला. १७७६ मध्ये विजयपुलाच्या आराखड्यासाठी त्याला रॉयल अकॅडमीचं सुवर्णपदक मिळालं, आणि १७७८ मध्ये शिष्यवृत्तीवर तो इटलीला गेला. दक्षिणेत पेस्टमला ग्रीकांची जुनी डोरिक देवळं आहेत. त्यांचे खांब जाड आणि आखूड, खाली बैठक नाही, वर साधी चपटी उशी. रोमन पद्धतीवर वाढलेल्या तरुण सोनला ती पहिल्या भेटीत अगदीच ओबडधोबड वाटली आणि त्याने तसं टिपूनही ठेवलं. पुढे त्याच ओबडधोबडपणाच्या तो प्रेमात पडला.

त्यात भर पडली एका फ्रेंच पुस्तकाची. मार्क-आंत्वान लोजिए याने १७५३ मध्ये मांडलं होतं की वास्तुकलेचं मूळ रूप म्हणजे रानातली झोपडी. चार उभी झाडं, आडवे वासे, वर छप्पर. जे या झोपडीच्या तर्कात बसत नाही ते उगीच. सोनने या पुस्तकाच्या अनेक प्रती जमवल्या होत्या. टिरिंगहॅमच्या दहाएक वर्षं आधी हर्टफर्डशरमधल्या हॅमेल्स इस्टेटीत त्याने एक दूधघर बांधलं होतं, आणि त्याचे खांब म्हणजे चक्क झाडांचे बुंधे होते. तो प्रयोग काहीसा खेळकर होता. टिरिंगहॅमच्या फाटकावर त्याने तोच विचार दगडात आणि गंभीरपणे केला.

१७८८ पासून सोन बँक ऑफ इंग्लंडचाही वास्तुविशारद होता. हा तपशील मला फाटकासाठी महत्त्वाचा वाटतो. बँकेला रस्त्याकडेला खिडक्या नको होत्या. १७८० मध्ये लंडनच्या दंगलखोरांनी बँकेवर चाल केली होती, त्यामुळे बाहेरची भिंत आंधळी ठेवायची आणि तरी ती तुरुंगासारखी वाटू द्यायची नाही, हे कोडं सोन वर्षानुवर्षं सोडवत होता. टिरिंगहॅमला त्याच्यापुढे तसाच प्रश्न छोट्या आकारात आला. सगळी भिंतच आहे, कमानीखेरीज उघडं फार थोडं. तिला बोलतं कसं करायचं?

कमान जवळून पाहताना

रोमन विजयकमानीचं व्याकरण ठरलेलं असतं. कमानीच्या दोन्ही बाजूंना खांब, त्यांच्यावर आडवी पट्टी, तिच्यावर बाहेर आलेले कंगोरे, सगळ्यांत वर लेख कोरायला कोरी भिंत. स्टोची कमान हे व्याकरण जसंच्या तसं पाळते. सोनने टिरिंगहॅमला त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खोडला. मधल्या ठोकळ्याला खांब नाहीत. जिथे खांब असायला हवे होते तिथे भिंतीवर सपाट पट्टे आहेत. जिथे कंगोऱ्यांचे थर असायला हवे होते तिथे दगडात छिन्नीने ओढलेल्या बारीक खोबणी. उठाव काढून टाकून त्याच्या जागी फक्त रेघ ठेवली.

हे वाचायला सोपं वाटतं. बांधायला ते फार अवघड आहे. गलथे आणि कंगोरे नुसते शोभेचे नसतात. दगडांचे सांधे, थोडेसे वाकडे कोपरे, रंगातला फरक असं पुष्कळ काही ते सावलीत लपवतात. सपाट भिंतीत लपायला जागा नाही. दगड एका पातळीत बसला नाही तर तिरप्या उन्हात तो लगेच दिसतो. टिरिंगहॅमच्या साधेपणाला म्हणूनच मी स्वस्तपणा म्हणणार नाही. गवंड्याच्या मुलाला आपल्या पाथरवटांकडून काय मिळू शकतं ते ठाऊक होतं.

दुसरा मुद्दा वेगाचा. फाटक ही बहुधा एकमेव इमारत जी बहुतेक लोक चालत्या गाडीतून पाहतात. घोड्यांच्या दुडक्या चालीतही पानाफुलांची नक्षी डोळ्यांत भरायला वेळ मिळत नाही; डोळ्यांत भरतो तो आकार, कमानीचा काळा पोकळ गोल आणि तिच्या कडांवरचं ऊन. सायनच्या जाळीदार फाटकासमोर थांबावं लागतं. टिरिंगहॅमची कमान दूरवरून, ढगाळ दुपारीही ओळखता येते. सोनने असा हिशेब कागदावर मांडला होता असं मी म्हणत नाही. पण त्याने जे उरवलं ते अंतरावरून वाचता येतं आणि जे खोडलं ते जवळूनच वाचता आलं असतं.

मग बाजूच्या भागांत डोरिक खांब कशाला ठेवले, असा प्रश्न पडतो. सगळं खोडायचं होतं तर हेही खोडायचे. माझ्या मते ते मापासाठी आहेत. कमान एकटी असती तर ती किती मोठी हे कळायला काही आधार नव्हता. बाजूला बैठक नसलेले, जमिनीतून थेट उगवल्यासारखे आखूड खांब आले की माणसाच्या उंचीशी नातं जुळतं आणि मधला ठोकळा आहे त्यापेक्षा उंच भासू लागतो. शिवाय हे खांब दोन भिंतींच्या मध्ये, आत ओढून बसवलेले आहेत. पुढे येऊन ते मिरवत नाहीत. इंग्लंडमध्ये ग्रीक डोरिक खांब तेव्हा नवलाईचे होते. हॅग्लीच्या बागेत जेम्स स्टुअर्टने १७५८ मध्ये त्यांचं छोटं देऊळ केलं, त्याला चाळीस वर्षंही झाली नव्हती.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये क्लोद-निकोला लदू या वास्तुविशारदाने शहराभोवती जकात नाक्यांची माळ उभारली होती. तिथेही जाडे खांब, कोऱ्या भिंती, निखळ भूमिती. जकातीला चिडलेल्या पॅरिसकरांनी १७८९ च्या जुलैत बॅस्टिल पडण्याच्या आदल्या दिवसांत त्यांतले बरेच नाके जाळले. बर्लिनमध्ये फ्रीडरिष गिली हा तरुण वास्तुविशारद अशाच रेषा कागदावर ओढत होता. पेव्हस्नर ज्याला युरोपीय महत्त्व म्हणतात ते हेच. लंडनपासून पन्नासेक मैलांवरच्या एका आडगावच्या फाटकात युरोपच्या पुढच्या वास्तुकलेची दिशा दिसते. फरक इतकाच की लदूच्या नाक्यांवर राज्याची सत्ता उभी होती, आणि टिरिंगहॅमला एक बँकर.

फाटकातून आत गेल्यावर सोनची मांडणी संपत नाही. पुढे नदी, तिच्यावर त्याचाच पूल आणि पलीकडे घर. फाटक, पूल आणि घर ही तिन्ही एकाच हातची असल्यामुळे पाहुण्याला आधी वेस, मग पाणी, मग दार असं टप्प्याटप्प्याने आत घेतलं जातं. नदीवरचा पूल त्यामुळे फाटकाचंच पुढचं वाक्य वाटतो.

उतारवयात सोनने लिहून ठेवलं की टिरिंगहॅमच्या कामाने त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या सहा वर्षांचा मोठा भाग व्यापला. पुढचं आयुष्य पाहता ते पटतं. १८१५ मध्ये धाकट्या मुलाने वर्तमानपत्रात निनावी लेख लिहून बापाच्या इमारतींची निंदा केली, आणि त्याच वर्षी सोनची बायको गेली. तिच्यासाठी त्याने केलेल्या समाधीवर पुन्हा त्याच कोरीव रेघा आणि उथळ घुमटी आली. लंडनच्या लाल टेलिफोन खोक्याचं छप्पर त्या घुमटीवरून सुचलं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

देवडीतला माणूस

आता आतली बाजू. कमान मधोमध आली की तिला तोलायला दोन्हीकडे सारखंच काही हवं, म्हणून देवड्या दोन. पण फाटक उघडायला माणूस लागतो एक. अशा जोड-देवड्यांच्या फाटकांवर कुटुंबाचं काय होत असे याची कल्पना करणं कठीण नाही. एका देवडीत चूल आणि दुसरीत बिछाना. मध्ये बग्ग्यांचा रस्ता. जानेवारीच्या रात्री मुलांना झोपायला पाठवायचं म्हणजे पावसात रस्ता ओलांडून पाठवायचं.

हा आरोप मी आजच्या काळातून मागे ढकलत नाहीये. हम्फ्री रेप्टन सोनच्याच पिढीचा. ब्राउननंतरचा इंग्लंडमधला सर्वांत मोठा बागरचनाकार, आणि प्रेडसारख्याच मालकांच्या पैशावर जगणारा. त्याने त्याच काळात या जोड-देवड्यांवर सणसणीत टीका केली. मुळात क्षुल्लक असलेल्या गोष्टीला मोठेपण चढवण्याचा हा प्रयत्न आहे. एका मजुराचं किंवा एकट्या म्हातारीचं घर पोरकट सममितीपायी दोन तुकड्यांत फाडलं जातं. आणि समाजापासून तोडलेल्या या माणसाच्या काही फुटांच्या कोंदट खोलीत बहुतेकदा भयाण दारिद्र्य सापडतं, असा त्याचा आशय. एखाद्या समाजसुधारकाने हे लिहिलं असतं तर नवल नव्हतं. हे लिहिणारा माणूस श्रीमंतांच्या बागा सजवून पोट भरत होता.

नोकरीचं स्वरूपही ध्यानात घ्यायला हवं. देवडीवर बहुधा इस्टेटीवर राबून थकलेला नोकर, त्याची विधवा, किंवा माळ्याचं नाहीतर शिकारखान्याच्या रखवालदाराचं कुटुंब ठेवत. नवरा दिवसभर कामावर, त्यामुळे प्रत्यक्षात फाटक बायको आणि मुलंच उघडत. घराचं भाडं नसे, पण घर नोकरीशी बांधलेलं. मालकाची मर्जी गेली की नोकरी आणि छप्पर दोन्ही एकाच दिवशी जायचं. मालक रात्री उशिरा मेजवानीहून परतला तर घोड्यांची चाहूल लागताच उठून कंदील घेऊन बाहेर यायचं. आणि हे घर उभं होतं इस्टेटीतल्या सगळ्यांत देखण्या भिंतीमागे.

टिरिंगहॅमची कमान मला मनापासून आवडते, तरी इथे सोनकडे बोट दाखवावं लागतं. जी शिस्त त्याने बाहेरच्या भिंतीला लावली तिच्यात आतल्या माणसाच्या सोयीला जागा कमी होती. कोऱ्या भिंतीची सगळी ताकद ती कोरी असण्यात आहे. तिच्यात रस्त्याकडे मोठी खिडकी पाडली की ती साधी घराची भिंत होते. न्हाणी, कोळशाची खोली, कपडे वाळत घालायची दोरी हे सगळं कमानीच्या चित्रात बसत नाही. चित्र टिकवायचं तर ते मागे, नजरेआड न्यावं लागतं.

रेप्टनचं म्हणणं हळूहळू लोकांना पटत गेलं. दयेमुळे पटलं की फॅशनमुळे, ते सांगणं कठीण. १८१० च्या सुमारास जॉन नॅशने ब्रिस्टलजवळच्या ब्लेझ इस्टेटीत एका बँकरच्याच म्हाताऱ्या नोकरांसाठी नऊ घरांचं छोटं खेडं केलं. प्रत्येक घर वेगळं, कुणाला गवताचं छप्पर, कुणाचं धुराडं उंच नि नक्षीदार, कुठेच सममिती नाही. त्यानंतरच्या दशकांत देवडी म्हणजे कमानीचा अर्धा तुकडा न राहता रस्त्याच्या एका बाजूला उभं असलेलं एक स्वतंत्र टुमदार घर झाली. १८३० च्या दशकात अशा देवड्यांच्या आराखड्यांची पुस्तकंच छापली जाऊ लागली. मालकाने पान उघडायचं आणि गॉथिक, स्विस की इटालियन ते निवडायचं. वास्तुकला म्हणून यांतलं बहुतेक काम मला गोडगोड आणि उथळ वाटतं. पण निदान चूल आणि बिछाना एका छपराखाली आले.

घर बदललं, फाटक राहिलं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिरिंगहॅम दुसऱ्या एका बँकरकडे गेलं. त्याने जर्मन सम्राटाचा दरबारी वास्तुविशारद एर्न्स्ट फॉन इन याला बोलावून सोनच्या घरावर १९०९ च्या सुमारास घुमट चढवला आणि आतलंही बरंच बदललं. आपल्या माहितीतला माणूस आला तो त्यानंतर. १९२० च्या दशकात एडविन लटयन्सने घरामागे लांबच लांब तलाव खणवला आणि त्याच्या कडांना समोरासमोर दोन मंडप बांधले, एक स्नानाचा, एक संगीताचा. त्याच वर्षांत लटयन्स नवी दिल्लीत व्हाइसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, पुरं करत होता. आणि त्याच दशकात नव्या दिल्लीतला त्याचा भागीदार आणि भांडणाचा जोडीदार हर्बर्ट बेकर लंडनमध्ये सोनची बँक ऑफ इंग्लंड पाडायला लागला होता. रायसीना टेकडीच्या चढावरून भांडलेले हे दोघे एकाच वेळी सोनच्या दोन कामांवर हात चालवत होते. एकाने भर घातली, दुसऱ्याने बाहेरची भिंत तेवढी राखून आतलं भुईसपाट केलं.

या सगळ्या धामधुमीत फाटकाला कुणी हात लावला नाही. याचं कारण सौंदर्याची जाण होतं असं मानायचा मोह होतो, पण साधं कारणही पुरेल. घर वाढवता येतं, पाहुण्यांच्या खोल्या, नळ, वीज, घुमट काढता-घालता येतात. कमान वाढवून कुणाला काय मिळणार? मोटारी आल्यावर देवडीवर माणूस ठेवायची गरज संपली, आणि दोन छोट्या खोल्यांची किंमत इतकी कमी की त्या पाडायचा खर्चही करावासा वाटू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये शेकडो मोठी घरं करांच्या आणि देखभालीच्या ओझ्याखाली पाडली गेली. त्यांतल्या कित्येक ठिकाणी आज फक्त देवडी उरली आहे.

अशा उरलेल्या देवड्यांत आज बहुतेकदा कुणीतरी राहतं. काही विकल्या गेल्या, काही सुट्टीत भाड्याने मिळतात. राहणाऱ्यांची पहिली मागणी ठरलेली असते: मागच्या बाजूला एक खोली वाढवू द्या. संरक्षित यादीतल्या देवडीला तशी परवानगी मिळते की नाही हे बऱ्याचदा एकाच गोष्टीवर ठरतं, रस्त्यावरून ती खोली दिसणार का. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी रेप्टनने ज्या मुद्द्यावर बोट ठेवलं होतं त्यावरच आज नियोजन खात्यात अर्ज-विनंत्या चालतात, फक्त अर्ज आता देवडीत राहणारा करतो आणि देखणेपणाची बाजू सरकारी अधिकारी मांडतो.

बघायला जायचं असेल तर घर खाजगी आहे हे लक्षात ठेवावं, पण फाटक मुळातच रस्त्यावरच्यांसाठी बांधलेलं असल्याने ते रस्त्यावरूनच नीट दिसतं. मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ते हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना जावं. दुपारच्या डोक्यावरच्या उजेडात त्या कोरीव रेघा दिसतही नाहीत. ज्यांना तिथवर जमणार नाही त्यांनी लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्सवरचं सोनचं स्वतःचं घर गाठावं. १८३३ च्या कायद्याने ते जसंच्या तसं राष्ट्राला दिलं गेलं आणि आत जायला पैसे पडत नाहीत. पुढच्या दगडी भिंतीवर त्याच रेघा आहेत, फुटपाथवरून नीट पाहता येतील इतक्या जवळ.